‘होय’ लिहिणाऱ्याचे काय?

(लघुउद्योजक आणि कारखान्यांतील मनुष्यबळ अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हाती एक साक्षांकन नमुना पडतो. नाव, पत्ता, शिक्षण, ओळख देऊ शकतील अशा दोन प्रतिष्ठित व्यक्ती, असे निरुपद्रवी रकाने भरत भरत तो शेवटच्या पानाशी येतो. तेथे एक प्रश्न असतो. आपणांस कधी अटक झाली आहे काय, आपणांविरुद्ध गुन्हा दाखल झाला आहे काय, न्यायालयाने आपणांस कधी दोषी ठरविले आहे काय? उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावयाचे. बहुतेक जण या रकान्यापाशी क्षणभरही थांबत नाहीत. ज्याच्या आयुष्यात असे काही घडून गेले आहे, त्याची लेखणी मात्र येथे अडते. ‘नाही’ लिहावे तर ते असत्य आणि ‘होय’ लिहावे तर हाती आलेली नोकरी जाण्याचे भय.

खोटे ‘नाही’ लिहिणाऱ्यांविषयी आजवर न्यायालयांनी पुष्कळ लिहिले आहे. खरे ‘होय’ लिहिणाऱ्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आजच्या विवेचनाचा रोख त्याच्यावर आहे.

प्रथम त्या रकान्याचीच घडण पाहिली पाहिजे. त्यात तीन अगदी भिन्न गोष्टी एका दोरीत ओवलेल्या आहेत. अटक ही पोलिसांची कृती आहे, गुन्हा दाखल होणे हा केवळ आरोप आहे आणि दोषसिद्धी हा न्यायालयाचा निर्णय आहे. आपल्या देशात या तिन्हींमधील अंतर लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदिवान होते आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांविषयी न्यायालयाने अद्याप काहीही ठरविलेले नव्हते. त्यांपैकी कित्येक जण उद्या निर्दोष सुटतील, आणि तरीही आयुष्यभर त्या रकान्यात ‘होय’ लिहीत राहतील. भावकीच्या भांडणात बांधावरून झालेली मारामारी, महाविद्यालयातील एखादे आंदोलन, शेजाऱ्याने सूडापोटी नोंदविलेली तक्रार आणि नियोजनपूर्वक घातलेला दरोडा, या साऱ्यांना तो रकाना एकाच मापाने मोजतो.

सरकारी नोकरीत हा नमुना जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे जातो, तेथून संबंधित ठाण्यात जातो आणि ठाण्यातील नोंदी पाहून अहवाल परत येतो. खासगी क्षेत्रात या कामाचा आता स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला आहे. पार्श्वभूमीची पडताळणी करून देणाऱ्या संस्था उमेदवाराच्या पदव्या, पत्ता, मागील नोकरी तपासतात आणि त्याबरोबर न्यायालयांच्या संगणकीकृत नोंदीही चाळतात. ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे देशभरातील न्यायालयांतील खटले नावानिशी शोधता येऊ लागले. ही सोय पक्षकारांसाठी झाली हे उत्तमच. परंतु तिचा उपयोग आता उमेदवाराला गाळण्यासाठीही होतो. अहवाल बहुधा रंगांत येतो. हिरवा म्हणजे निर्वेध, पिवळा म्हणजे शंका, लाल म्हणजे प्रतिकूल. पन्नास उमेदवारांची कागदपत्रे एका दुपारी हातावेगळी करणारा अधिकारी रंग पाहतो आणि पुढे जातो. त्या रंगामागील निकालपत्र वाचण्याइतका वेळ त्याला कोण देणार?

यात आणखी एक खोच आहे. न्यायालयाच्या नोंदीत आरोपीचे नाव असते, कधी वडिलांचे असते, कधी तेही नसते. संतोष जाधव किंवा सुनील पवार या नावाच्या व्यक्ती एकट्या पुणे जिल्ह्यात किती असतील याची कल्पनाच केलेली बरी. नाम-साधर्म्यामुळे भलत्याच माणसाच्या नावापुढे लाल रंग लागू शकतो. त्याला ते कळण्याचा मार्गही बहुधा नसतो, कारण नोकरी का नाकारली हे सांगण्याची तसदी फार थोडे नियोक्ते घेतात. आणि नाव बरोबर असले तरी निकाल पाहिला जाईलच असे नाही. अमली पदार्थांच्या खटल्यातून खालच्या न्यायालयाने आणि नंतर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही निर्दोष सोडलेल्या, अमेरिकेचा नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या एका तरुणाचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. तो परत गेला, कायद्याचे शिक्षण घेतले. परंतु त्याचे नाव संगणकावर शोधताच तो निकाल समोर येई आणि नोकरीची दारे मिटत. निकालपत्र त्याला निर्दोष म्हणत होते आणि तेच निकालपत्र त्याला बाधत होते! अखेर एप्रिल २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला तो निकाल शोधयंत्रांतून दिसेनासा करण्याचा अंतरिम आदेश द्यावा लागला.

तर मग पडताळणी नकोच, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. २००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरमधून अमेरिकेतील बँकग्राहकांच्या खात्यांतील रकमा लांबविल्याचे प्रकरण गाजले आणि पुढच्याच वर्षी नॅसकॉम या संघटनेने या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या पडताळणीसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत मोबाइलवरून बोलाविलेल्या टॅक्सीच्या चालकाने प्रवासी तरुणीवर अत्याचार केला. त्याच्यावर आधीही गुन्हे दाखल होते, आणि त्याच्याकडील पोलिसांचा चारित्र्य दाखला बनावट निघाला. कागद होता, पडताळणी नव्हती. रात्रपाळीस मुली काम करीत असलेल्या कारखान्याच्या मालकाने वाहनचालकाचा पूर्वेतिहास कसून तपासला, तर तो त्याचा धर्मच आहे. लहान मुलांच्या संस्थांत काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी २०२० च्या पोक्सो नियमांनी अनिवार्य केली, तीही रास्तच. तेव्हा तपासावे की नाही हा वाद नाही. जे सापडेल त्याचे काय करावयाचे, हा वाद आहे.

या संदर्भात आपल्या सर्वोच्च न्यायालयाची वाटचाल उद्बोधक आहे. या साप्ताहिकाच्या वाचकांना त्यातील एक प्रकरण विशेष जवळचे वाटेल. मध्य प्रदेशातील एका नगरपालिकेची शाळा १९७१ मध्ये शासनाने ताब्यात घेतली. तेथील एका शिक्षकाला पूर्वचारित्र्याच्या पडताळणीच्या अटीवर शासकीय सेवेत घेण्यात आले. पोलिसांचा अहवाल आला की, हा मनुष्य राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जनसंघ यांच्या कार्यात भाग घेत असे. सबब तो शासकीय सेवेस योग्य नाही. १९७४ मध्ये त्याला काढून टाकले. त्याने चोरी केली नव्हती, कोणाला मारले नव्हते. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश शासनाचे म्हणणे फेटाळले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी हे काही संघविचाराचे नव्हेत. तरीही, सरकारी नोकरी म्हणजे केवळ देवदूतांनीच प्रवेश मागावा असा स्वर्ग आहे काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी त्या निकालात विचारला. पोलिसांचा गुप्त अहवाल हे हत्यार कोणाच्या हाती कसे फिरेल याचा नेम नसतो, हे ज्यांनी स्वतः सोसले त्यांनी तरी ते दुसऱ्यावर चालविताना हात आखडता घ्यावा.

पुढे १९९६ मध्ये न्यायालयाचा सूर बदलला. दिल्ली पोलिसांत शिपाई म्हणून निवडलेल्या तरुणावर पूर्वी गंभीर गुन्ह्याचा खटला झाला होता आणि तो निर्दोष सुटला होता. सुटला असला तरी त्याचे पूर्ववर्तन पाहण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे, असे तेव्हा ठरले. २०११ मध्ये पुन्हा दिल्ली पोलिसांतीलच प्रकरण आले. हवालदाराच्या लेखनिक पदासाठी १९९९ मध्ये अर्ज केलेल्या उमेदवारावर ऐन तारुण्यात मारामारीचा एक गुन्हा नोंदला गेला होता. त्यात तडजोड झाली होती आणि तो सुटलाही होता. पण मूळ अर्जात त्याने ते लिहिले नव्हते. न्यायमूर्ती काटजू यांच्या खंडपीठाने त्याच्या बाजूने निकाल दिला. पाव चोरल्याबद्दल जन्मभर चोर ठरलेल्या, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील ज्याँ वालज्याँचे उदाहरण देऊन, तरुणपणीच्या चुकीचा डाग आयुष्यभर वागवायला लावू नये असे सांगितले.

असे उलटसुलट निकाल साचल्यावर २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘अवतार सिंग विरुद्ध भारत संघ’ या प्रकरणात सर्वांची संगती लावली. मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल मुळातून वाचला पाहिजे. त्याचा सारांश असा. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. लपविलेली गोष्ट अगदी क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ कोवळ्या वयात दिलेल्या घोषणांचा खटला, तर नियोक्त्याला स्वविवेकाने त्या लपवणुकीकडे दुर्लक्ष करता येईल. गुन्हा क्षुल्लक नसेल आणि दोषसिद्धी झाली असेल तर नियुक्ती रद्द करता येईल. सेवेत कायम झालेल्या माणसाला खाते-चौकशीवाचून काढता येणार नाही. प्रश्नच मोघम असेल, तर न विचारलेली गोष्ट सांगितली नाही म्हणून उमेदवाराला दोष देता येणार नाही. हे सारे समंजस आहे. तथापि त्याच निकालात एक वाक्य असेही आहे की, निकाली निघालेल्या खटल्याची माहिती उमेदवाराने खरीखुरी दिली असली, तरी त्याचे पूर्ववर्तन विचारात घेण्याचा नियोक्त्याचा अधिकार अबाधित राहतो आणि नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण व्यवहारात याचा अर्थ काय होतो? खोटे बोलणाऱ्यापुढे दोन शक्यता असतात. एक, तो पकडला जात नाही आणि सुखाने निवृत्त होतो. दुसरी, तो पकडला जातो आणि न्यायालयात दाद मागतो. तेथे कधी हरतो, कधी जिंकतो. २०२१ मध्ये राजस्थानातील वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने किरकोळ मारहाणीतील आपली दोषसिद्धी लपविली, तेव्हा परिवीक्षेचा लाभ मिळालेला असूनही त्याची नोकरी गेली. न्यायालय म्हणाले, गुन्हा किती मोठा हा मुद्दा नाही, विश्वासाचा आहे. उलट २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातील एका शिपायाच्या बाबतीत, केवळ माहिती दडविली एवढ्यावरून यांत्रिकपणे काढता येणार नाही, असे सांगितले गेले. आणि २०२४ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या २००४ सालच्या भरतीतील, निर्दोष सुटलेल्या पण ते न सांगणाऱ्या उमेदवाराला नियुक्ती देण्याचा आदेश झाला. वीस वर्षांनी का होईना, त्याला नोकरी मिळाली. खरे सांगणाऱ्यापुढे मात्र बहुधा एकच शक्यता उरते. त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला जातो, कारण देण्याची गरज नसते आणि दाद मागावी असे त्याच्या हाती काहीच नसते. विश्वास हा मुद्दा आहे ना? मग ज्याने स्वतःहून विश्वास टाकून सांगितले, त्याला त्या विश्वासाचे मोल कोठे मिळाले? ही व्यवस्था न बोलता खोटे बोलावयास शिकविते आणि मग खोटे बोलला म्हणून शिक्षा करते.

कायद्यांतील विसंगतीही थोडी पाहावी. खासगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या दहाव्या कलमानुसार सक्षम न्यायालयाने दोषी ठरविलेल्या कोणाही व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, शिक्षा किती, यांचा विचार त्या वाक्यात नाही. बँकांच्या कायद्यात निदान नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशी मर्यादा तरी घातली आहे. सोसायटीच्या फाटकावर रात्रभर खुर्ची टाकून बसणाऱ्याच्या नशिबी तीही नाही. आता याच्या शेजारी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे आठवे कलम ठेवावे. दोन किंवा अधिक वर्षांची शिक्षा झालेला पुढारी सुटकेनंतर सहा वर्षे निवडणुकीस अपात्र राहतो. सातव्या वर्षी तो पुन्हा उभा राहू शकतो आणि निवडून आला तर मंत्रीही होऊ शकतो. म्हणजे त्याच्या बंगल्यावरील खासगी पहारेकऱ्याला जन्मभर जी शुचिता सिद्ध करावी लागते, ती बंगल्यातील मालकाला सहा वर्षांत प्राप्त होते. लोकप्रतिनिधींची अपात्रता वाढवावी की कसे, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु सर्वांत कमी पगाराच्या कामाला सर्वांत कठोर कसोटी लावण्यात कोणते शहाणपण आहे, हे समजत नाही.

वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा प्रत्येक कीर्तनात ऐकणारा आपला समाज आहे. आजच्या कायद्याने वाल्याला वॉचमनची नोकरी मिळणार नाही. या कथेवर माना डोलावणारे श्रोते तरी त्याला आपल्या दुकानात ठेवतील काय?

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केला होता, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. मनुस्मृतीतील दंडविधान वर्णपरत्वे विषम आहे, ते आज कोणीही स्वीकारणार नाही आणि स्वीकारूही नये. पण त्याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्ताविषयी एक नियम आहे. ज्याने प्रायश्चित्त घेतले नाही त्याच्याशी व्यवहार करू नये. आणि ज्याने घेतले त्याची निंदा कदापि करू नये. पतित झालेल्याला बाहेर काढण्याचा विधी तेथे वर्णिला आहे. आप्तांनी गावाबाहेर जमावे, दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडावा आणि त्याच्याशी बोलणे, बसणे, देणेघेणे थांबावे. ‘घटस्फोट’ हा आपला शब्द मूळचा याच विधीतला आहे. पतिपत्नींच्या काडीमोडीशी त्याचा संबंध पुष्कळ नंतरचा. परंतु तो अध्याय तेथेच थांबत नाही. प्रायश्चित्त पूर्ण झाल्यावर त्याच आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्याच्यासमवेत पाण्यात सोडावा, असा परत घेण्याचाही विधी तेथे आहे. घट फोडण्याचा शब्द भाषेत उरला. नवा घट सोडण्यासाठी मात्र मराठीत आज शब्ददेखील नाही.

महाराष्ट्राच्या मातीत असा एक प्रयोग प्रत्यक्ष झाला. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे कुटुंबासह राहत, जमीन कसत. त्याच परिसरातील माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपटाचे देशविदेशांत कौतुक झाले. वसाहतीचे नाव किती मराठी माणसांना ठाऊक आहे? त्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे की, भरवसा आधी ठेवला गेला आणि त्या भरवशाला माणूस पात्र आहे की नाही हे काम करता करता दिसत गेले. आजच्या पडताळणीत क्रम नेमका उलटा आहे.

आणखी एका वर्गाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. ज्यांना कधीच शिक्षा झाली नाही, तरी ज्यांच्या नावापुढे लाल रंग जन्मतःच लागला, अशा विमुक्त जमातींचा हा वर्ग. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली. काही जातीच्या जातीच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. हजेरी, परवाने, कुंपणाच्या वसाहती आल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांपैकीच एक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांनी घेतली आणि ठाण्यांतील मनोवृत्ती बदलली नाही. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही रीत आजही कोणाला नवी नाही. मग तेथील मुलाने कधी पोलीस ठाणे पाहिले नाही असे कसे होणार? आणि चारित्र्य पडताळणीचा अहवाल लिहितो कोण? तेच ठाणे! बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकूजी तथा दादा इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये आपले अहवाल दिले. दोहोंनीही या शिक्क्याची दखल घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातिनिष्ठ तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही त्यांत होत्या. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे त्या पुस्तकात टिकून होत्या, हे ऐकून मान खाली जाते. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला नव्वदच्या दशकापासून या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह चालते. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला शेवटी नोकरीच हवी असते, आणि ती देणे शाळेच्या हाती नसते. ती अशा सभागृहात बसलेल्यांच्या हाती असते.

अमेरिकेतील मिलवॉकी शहरात डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने सारख्या पात्रतेचे तरुण नोकऱ्यांसाठी अर्ज करावयास पाठविले. तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांना शंभरांतील ३४ ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद सांगणाऱ्यांना १७ ठिकाणांहून. कृष्णवर्णीयांत हे आकडे १४ आणि ५ होते. म्हणजे निष्कलंक काळ्या तरुणापेक्षा तुरुंगातून आलेल्या गोऱ्याला अधिक संधी होती. आपल्याकडे अशी पाहणी झाली आणि अर्जावर आडनाव म्हणून काळे, भोसले, शिंदे यांच्यापुढे पारध्यांच्या तांड्याचा पत्ता घातला, तर निष्कर्ष फार वेगळा निघेल असे मानण्यास आधार नाही.

पाश्चात्त्यांचे सारेच अनुकरणीय नसते. परंतु या बाबतीत त्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या घेण्यासारख्या आहेत. ब्रिटनने १९७४ मध्ये कायदा करून ठरविले की, ठराविक मुदतीपर्यंतच्या शिक्षेनंतर माणूस काही वर्षे सरळ वागला तर ती दोषसिद्धी जणू खर्ची पडली; सामान्य नोकरीसाठी ती सांगण्याची गरज नाही. मुलांची देखभाल यांसारखी कामे त्यातून वगळलेली आहेत. दुसरी गोष्ट अमेरिकेतील एका रेल्वे कंपनीच्या १९७५ मधील खटल्याची. सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसाला त्या कंपनीने कारकुनाची नोकरी नाकारली होती, कारण रहदारीचे गुन्हे सोडून कोणतीही दोषसिद्धी असलेला मनुष्य घ्यावयाचा नाही असा तिचा सरसकट नियम होता. न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. गुन्हा कसा आणि किती गंभीर, त्याला किती काळ लोटला आणि मागितलेले काम कोणत्या प्रकारचे, हे पाहून ठरवा, असा पायंडा त्यातून पडला. आपल्याकडे ब्रिटनसारखा कायदा नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे बारावे कलम दोषसिद्धीला चिकटलेली अपात्रता दूर करते. पण दोषसिद्धी पुसत नाही आणि नियोक्त्याला बांधतही नाही. बालवयातील अपराधांपुरता मात्र २०१५ च्या बालन्याय कायद्याचा नियम स्पष्ट आहे. अशी दोषसिद्धी अपात्रता ठरत नाही आणि तिची नोंद ठराविक काळानंतर नष्ट करावयाची असते. प्रौढ म्हणून खटला चालविलेल्या सोळा वर्षांवरील मुलाचा अतिगंभीर गुन्हा तेवढा अपवाद. असे असूनही शाळकरी वयातल्या प्रकरणावरून नोकरी नाकारल्याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात.

कायदा होईल तेव्हा होईल. सुरक्षारक्षकांविषयीचे कलम बदलणे संसदेच्या हाती आहे. पण खासगी कारखान्यात छापला जाणारा अर्ज मालकाच्याच हाती असतो, आणि तो बदलावयास कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या अर्जातून हा रकाना काढून टाकावा आणि निवड झाल्यावर तो प्रश्न विचारावा, म्हणजे माणूस आधी दिसतो, नोंद नंतर. प्रश्नही नेमका असावा: दोषसिद्धी झाली आहे काय, कोणत्या वर्षी, कोणत्या कलमाखाली? निर्दोष सुटलेल्या खटल्यांची उठाठेव सामान्य कामासाठी करूच नये. वाहनचालकाला अपघाताविषयी, रोखपालाला अफरातफरीविषयी, मुलामुलींच्या संपर्कात येणाऱ्याला तशा अपराधांविषयी अवश्य खोलात जाऊन विचारावे. यंत्रावर काम करणाऱ्या जोडाऱ्याच्या पंधरा वर्षांपूर्वीच्या मारामारीशी कारखान्याला काय कर्तव्य? लाल अहवाल आला तर निकालपत्राची प्रत मागवावी, उमेदवाराला दाखवावी आणि हा तूच काय, असे सरळ विचारावे. नाम-साधर्म्याची निम्मी प्रकरणे तेथेच मिटतील. नकार द्यावयाचाच असेल तर त्याचे कारण दोन ओळींत लिहून द्यावे. ज्याला लिहून द्यावे लागते तो सहसा अविचाराने नाकारीत नाही. आणि ज्याने स्वतःहून सांगितले, त्याच्या सांगण्याची नोंद त्याच्या बाजूने व्हावी. इतर सर्व समान असता ती उमेदवाराची जमेची बाजू धरावी. यात धोका मुळीच नाही असे नव्हे. ज्यांची नोंद स्वच्छ असते तेही कारखान्यात चोऱ्या करतात, हे उपस्थितांना सांगण्याची गरज नसावी.

लहान कारखान्यात मनुष्यबळ विभाग नसतो; मालक, पर्यवेक्षक आणि हिशेबनीस एवढीच माणसे. तेथे ‘होय’ लिहिलेला कागद आला तर तो मालकाने स्वतः वाचावा, कारकुनाच्या हाती सोपवू नये. माणूस कामावर घेतला तर तो कागद कपाटात कुलपाखाली राहावा, पाळीवरच्या सोबत्यांच्या चर्चेला जाऊ नये. आणि त्या माणसाशी पहिल्यांदा बोलताना केबिनचे दार लावून घ्यावे.